उरलेली गोष्ट पलीकडच्या काठाला

प्रिय आई,

काल संध्याकाळी मारेगावहून मामा आले आणि तुमचं बिंग फुटलं! उद्या तुमचं वर्षश्राद्ध, म्हणून तुमचा हा धाकटा भाऊ दोन दिवस आधीच पिशवी घेऊन हजर झाला. चहा देताना मी त्यांना सहज एक गोष्ट विचारली, आणि त्यांचं उत्तर ऐकून माझ्या हातातला कप तसाच राहिला. आज सकाळी पोहायच्या टँकवर जाऊन आले, डोकं जरा थंड झालं, आणि आता तुमच्याच खोलीत, तुमच्या लोखंडी पलंगावर बसून तुम्हांला लिहिते आहे. बाहेर तुमचा लेक पत्रावळी मोजतो आहे आणि सारखा मला हाका मारतो आहे. मारू दे.

मामा काय म्हणाले ते सांगणार आहे, पण लगेच नाही. अर्धी गोष्ट या काठाला आणि उरलेली पलीकडच्या काठाला, हा कायदा तुम्हीच केलात ना? मग आता जरा तुम्हीही वाट बघा.

आधी मला भांडायचं आहे.

तुमच्या तेरवीला काय झालं ते तुम्हांला कळलं असतं, तर हार घातलेल्या फोटोतून तुम्ही खाली उतरला असतात. आपल्या घरची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. गेलेल्या माणसाला जे आवडायचं, त्यातलं एकेक घरातल्यांनी वर्षभर सोडायचं. तळहातावर पाणी घ्यायचं, वस्तूचं नाव घ्यायचं, पाणी ताम्हणात सोडायचं, आणि वर्षश्राद्धाला ती वस्तू पुन्हा धरायची. तुमच्या लेकानं जिलबी सोडली. साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी ती त्याला तशीही बंदच केली होती! धाकट्या जाऊबाईंनी वांगं सोडलं, ज्याचा त्यांना वासही सहन होत नाही. सगळ्यांची कशी छान सोय झाली. मीही मनात मुगवड्यांची भाजी ठरवून ठेवली होती.

तेवढ्यात आत्याबाई बोलल्या. बाबांची ही थोरली बहीण दिग्रसहून आली की आपल्या घरात पंखासुद्धा हळू फिरतो, असं तुम्हीच म्हणायचात. माझ्या हातावर पाणी घालत त्या म्हणाल्या, “मनीषा, तुले दुसरं काही सोडाची गरज नाई. तिले त्या टँकाचा लय नाद होता. तू पोहणंच सोड. वर्षभर त्या पाण्यात पाय घालू नको. तिच्या जिवाले तेवढीच शांती.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मागे कुणीतरी हुंदका दिला. नाही म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात हातातलं पाणी बोटांच्या फटींतून आपोआप ताम्हणात गळून गेलं. आत्याबाईंनी लगेच जाहीर केलं, “सोडलं बाप्पा हिनं!” झालं! आई, मी काहीही सोडलं नव्हतं हो. माझी बोटं नीट जुळलेली नव्हती, एवढंच झालं होतं.

बाबांच्या वेळी तुम्ही काय सोडलं होतंत, आठवतं? कारलं! बाबांना कारलं फार प्रिय आणि तुम्हांला ते पिशवीत दिसलेलंही खपत नसे. वर्ष झाल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “आता धर.” तुम्ही डोळ्यांना पदर लावून म्हणालात, “राहू द्या ना वन्स, त्यांची एवढी तरी आठवण राहू द्या माह्याजवळ.” आणि स्वयंपाकघरात येऊन तोच पदर तोंडात कोंबून हसत सुटलात. त्यानंतर या घरात कारलं शिजलं नाही. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मग तुमच्या हाताखाली तयार झालेली सून मी, मी का गप्प बसले?

बसले खरी. काही आठवडे टँकच्या रस्त्यानं गेलेसुद्धा नाही. भाजीला जायचं तरी लोहारा भागातून लांबचा वळसा घालायचा. कंबर पुन्हा लाकडासारखी झाली. सकाळी पलंगावरून उठताना तोंडातून पहिला शब्द निघायचा तो “आई गं”, आणि मग आठवायचं की आई तर नाहीत. तुमच्या आत्म्याला शांती मिळत होती का, ते तुम्हांलाच ठाऊक. माझ्या कंबरेला तर मिळत नव्हती!

सुरुवात या कंबरेपासूनच झाली होती ना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या किती दिवस खाणार, पोहायला लागा. मी आणि पोहणार? मी वणीची. आमच्याकडे खोल पाणी म्हणजे बंद पडलेल्या खाणीत साचलेलं हिरवं पाणी, आणि तिकडे फिरकलीस तर तंगडं मोडीन, एवढंच पाण्याबद्दल मला शिकवलेलं. त्यात गल्लीतल्या बायका. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर आला की कशी झुंबड उडते, आणि या बाईला पाण्यात खेळायचं सुचतं! फाटकातून कुणीतरी तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही ओट्यावर तूर निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, “तुह्या गुंड-बादलीतलं पाणी नेऊन राह्यली का थे?” फाटक बंद झालं.

सून एकटी टँकवर कशी जाणार, म्हणून सोबत तुम्ही. पायरीवर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसायचात. मी उथळ पाण्यात शिडी धरून उभी. बायकांच्या बॅचला शिकवणाऱ्या मडावी मॅडम घसा फोडून सांगायच्या, “ताई, शिडी सोडा आता! शिडी काही तुमची सासू नाई!” तुम्ही पायरीवरून ओरडायचात, “सासू इकडे बसली हाये!” सगळा टँक हसायचा. मी मात्र शिडी सोडत नसे.

आणि मग एक दिवस तुम्हीच मॅडमना विचारलंत, “म्हातारीले उतरू देता का?” कॉस्च्युमच्या दुकानातला तो माणूस आठवतो? त्यानं विचारलं, “काकू, कोणासाठी पाह्यजे? पोरीले आणलं असतं तर माप घेता आलं असतं.” तुम्ही म्हणालात, “माह्यासाठी पाह्यजे. काहून, मले हातपाय नाईत का?” मी दुसरीकडे बघत होते, आणि तुम्ही भर दुकानात साडीवरूनच तो निळा कॉस्च्युम अंगाला लावून आरशासमोर उभ्या!

तुम्ही शिडीनं उतरलाच नाहीत. डोक्यावर जांभळी रबरी टोपी चढवलीत, थेट खोल टोकाला गेलात, नाक धरलंत आणि धडाम! मॅडमच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. मला वाटलं, गेल्या आपल्या सासूबाई. आणि तुम्ही वर आलात, मान उंच, हातपाय सावकाश, जणू रोजचंच. बाहेर आल्यावर तुमचे डोळे लाल झाले होते. रडताय का म्हणून विचारलं तर म्हणालात, “नाई वो, टँकातलं औषध गेलं डोयात.” हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. ते पुढे लागणार आहे.

त्या दिवशी कळलं, की बापाच्या शेतातल्या विहिरीत तुम्ही लहानपणापासून पोहायचात. पाठीला सुका भोपळा बांधून बापानंच शिकवलेलं. या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे तुम्ही एकदाही बोलला नव्हतात. अशी कशी गोष्ट पोटात ठेवली हो?

पण एकदा तोंड उघडलं आणि मग काय! मला शिडी सोडायला लावली ती मडावी मॅडमनी नाही, तुमच्या गोष्टींनी. तुमच्या गावच्या, विहिरीच्या, भोपळ्याच्या गोष्टी. इकडच्या भिंतीला धरून अर्धी सांगायची, ऐन रंगात आली की गप्प. “अन् मंग?” मी विचारायचे. “उरलेली तिकडे सांगीन,” म्हणत तुम्ही भिंतीला लाथ मारून निघायचात. मी शिव्या देत मागोमाग. नाकातोंडात पाणी, दम उखडलेला, पण भोपळ्याची दोरी सुटली त्याचं पुढे काय झालं, ते ऐकल्याशिवाय चैन कसं पडणार? तुमच्या गोष्टी ऐकता ऐकता मी पोहायला शिकले. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा तेही हसले.

मग ती शेवटची गोष्ट आली. तुमच्या लग्नाची. लग्न ठरलं आणि घरातल्या बायकांनी बजावलं, आता विहीर बंद, सासरी असलं चालत नाही. हळदीच्या दिवशी अंगाला हळद लावून तुम्हांला बसवलेलं. हळद लागलेल्या पोरीनं उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नसतो, विहिरीकडे तर मुळीच नाही. आणि तुम्ही मागच्या दारानं पळालात! तुराट्यांच्या कुडाआडून, अनवाणी, शेताच्या रस्त्यानं. मागे तुमची काकू काठी घेऊन. तुम्ही सांगत होतात, “आंगाले हयद, मांगं काकू, पुढं विहीर. अन् मंग मी काय केलं...”

आणि तिथंच थांबायचात. तिकडच्या भिंतीला गेले की म्हणायचात, “उद्या सांगीन.” उद्या पुन्हा हळदीपासून सुरू, विहिरीच्या काठावर येऊन पुन्हा “उद्या सांगीन.” मला वाटायचं, माझी गंमत करताय. शेवटच्या दिवशी तर मी चिडले. म्हटलं, उद्या नाही सांगितलंत तर मी पाण्यात उतरणार नाही. तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत, “सांगीन ना पोरी, पयून थोडीच चालली मी.” दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही झोपेतच गेलेल्या होतात. असं करतात का कुणी? दवाखाना नाही, दुखणं नाही, एक हाकसुद्धा नाही. मला विहिरीच्या काठावर उभं करून गेलात!

म्हणून तर मी पुन्हा उतरले. शांतीबिंतीसाठी नाही, रागानं. एका सकाळी कंबर धरून पलंगावरून उठले, तुमच्या फोटोकडे बघितलं आणि तोंडातून निघालं, “हे सोडायचं होतं तर शिकवलं कशाला?” कपाटातून बॅग काढली. तुमचा लेक दाढी करत होता. तो आरशातून बघत राहिला, म्हणाला, “आत्याले समजलं तं?” मी म्हटलं, समजू द्या. आणि माझ्या मागोमाग खाली येऊन त्यानं स्कूटी अंगणातून बाहेर काढून दिली.

एकटीनं पोहणं म्हणजे काय, ते तुम्हांला कधी कळलंच नाही. तुमच्यासोबत मी होते. घरातूनच मन वकिली सुरू करतं. आज कंबर दुखते, कशी जाऊ? आज दुखत नाही, मग कशाला जाऊ? आज सिलिंडर यायचा आहे. आज तुमच्या नातीचा, ओवीचा नागपूरहून फोन यायचा आहे. पूर्वी तुम्ही फाटकात उभं राहून गाडीचा हॉर्न दाबत राहायचात, गल्ली जागी व्हायची, मला नाही म्हणायची सोयच नव्हती. आता हॉर्न मलाच वाजवायचा आणि मलाच ऐकायचा. त्यात शाळा सुरू झाल्या की बॅचमधल्या बाकीच्या बायका गळतात. एवढ्या मोठ्या टँकात मी एकटी आणि काठावर खुर्ची टाकून मडावी मॅडम. पहिल्या दिवशी अर्ध्यात गेले आणि पलीकडची भिंत रिकामी दिसली. तिथंच परत फिरले. बाहेर येऊन कपडे बदलायच्या खोलीत बसून खूप रडले. खोटं कशाला सांगू?

काय काय उपाय केले मी! तुमची जांभळी टोपी पलीकडच्या काठावर ठेवली, म्हटलं, तिकडे बघत बघत पोहू. वाऱ्यानं ती पाण्यात पडली. मॅडमनी जाळीच्या काठीनं बाहेर काढली, “ताई, टोपी कायले फेकून राह्यल्या?” मोठ्यानं गाणं म्हणून बघितलं, पाणी घशात गेलं. उद्याच्या भाजीचा विचार करून बघितला, तर पोहता पोहता आठवलं की घरी गॅसवर दूध ठेवून आले आहे! बॅग रात्रीच स्कूटीच्या डिकीत टाकून ठेवायला लागले, म्हणजे सकाळी ती शोधायचं निमित्त नको. त्याचा थोडा उपयोग झाला.

पण खरा उपयोग झाला तो भांडणाचा. माझ्या एकेका फेरीला मी एकेकाचं नाव दिलं. पहिली फेरी आत्याबाईंची. दुसरी फाटकातून बोलणाऱ्या शेजारणीची. तिसरी त्या कॉस्च्युमवाल्याची. तेरवीला हुंदका देणारी कोण होती ते मला अजून कळलेलं नाही, पण तिच्याही नावानं एक फेरी मारते. रागात हात कसे सपासप चालतात, तुम्हांला सांगते! मॅडम म्हणाल्या, “ताई, स्पीड वाढला तुमचा, काय खाऊन राह्यल्या?” मी म्हटलं, “शिव्या.”

आणि दमले की भिंत धरून तुमचाच आवाज काढायचा. “आंगाले हयद, मांगं काकू, पुढं विहीर. अन् मंग मी काय केलं?” आणि उत्तरही मीच द्यायचं. उडी मारलीत! दुसरं काय करणार तुम्ही? ज्या बाईनं या वयात टँकात नाक धरून उडी टाकली, ती तरणीताठी असताना विहिरीच्या काठावर थांबेल? माझी खात्रीच होती. हळदीनं माखलेली पोर काठीकडे पाठ करून उडी मारते, आणि मी दिग्रसच्या फोनला भिऊ? असं म्हणायचं आणि भिंतीला लाथ. वर्षभर मी या एका उडीच्या जोरावर पोहले, आई.

दिग्रसचा फोन यायचा तेव्हा तुमचा लेक सांगायचा, “आत्या, थे आंग धुवून राह्यली.” रोज एवढा वेळ काय अंग धुते तुझी बायको, असं त्यांनी एकदा विचारलंही. पण परवा त्यांचा फोन मीच उचलला. म्हणाल्या, “मनीषा, तुनं वर्षभर निभावलं बाई. वर्षश्राद्धाले येतो मी, तुह्या हातावर मीच पाणी घालीन. मंग पोह्य बाप्पा खुशाल.” फोन ठेवल्यावर तुमचा लेक म्हणाला, “घेऊन घे ना हातावर पाणी. कोणाले समजते?” मी म्हटलं, “मला समजते ना!” पण मला आतून धाकधूक होतीच. सगळ्या नातेवाइकांपुढे, तुमच्या फोटोपुढे, मी नेम मोडला म्हणून सांगायचं, आणि त्यांनी म्हटलं, हिच्यामुळे वहिनीचा जीव अडकला, तर? मी काय दाखवू? माझ्याकडे होती फक्त तुमची विहिरीतली उडी.

म्हणून काल मामांना विचारलं. म्हटलं, यांना लहानपणचं काही आठवत असेल. श्राद्धाला आत्याबाईंपुढे मामांनीच सांगितलं की आपली बहीण हळदीच्या अंगानं विहिरीत उतरली होती, तर सगळ्यांची तोंडं बंद. चहाचा कप पुढे करून विचारलं, “मामा, आईंच्या हळदीच्या दिवशी त्या विहिरीवर पळाल्या होत्या ना? उडी मारली तेव्हा तुमच्या काकू काय म्हणाल्या?”

मामांनी बशी खाली ठेवली. “कोणं सांगतलं तुले उडी मारली म्हणून?”

“त्यांनीच. म्हणजे, अर्धं सांगितलं.”

“नाई मारली सूनबाई,” मामा म्हणाले. “मी लायना होतो, पण मले सारं आठवते. तिच्या मांगं मीबी पयत गेलतो. थे काठावर जाऊन उभी राह्यली. काकूनं हाक नाई मारली, काही नाई. नुसती काठी आपटली दगडावर. मंग थे खाली बसली. लय वेळ पाण्याकडे पाहून राह्यली होती. अन् उठली, अन् काकूच्या मांगं मांगं घरी आली. मांडवात कोणं तरी पुसलं, काहून रडून राह्यली वो? तं म्हणे, डोयात हयद गेली.”

डोळ्यात हळद गेली. डोळ्यात टँकातलं औषध गेलं. आई, आयुष्यभर तुमच्या डोळ्यांत काहीतरी जातच होतं का हो? एकदा तरी सांगायचंत, की मी रडते आहे!

आधी मला तुमचा राग आला. किती राग आला म्हणून सांगू! ज्या उडीवर मी वर्षभर तरले, ती उडी मारलेलीच नव्हती? म्हणजे रोज “उद्या सांगीन” म्हणत होतात ती गंमत नव्हती. तुम्हांला पुढचं सांगवतच नव्हतं. काठी आपटली आणि तुम्ही परत आलात, त्यानंतर पाण्यात पाऊल नाही. लेक मोठा झाला, नात झाली, बाबा गेले, तोवर नाही. एका काठीच्या आवाजावर पन्नासेक वर्षं! आणि तुमच्या तेरवीला तीच काठी आत्याबाईंनी माझ्यापुढे आपटली. तीही तुमच्याच नावानं! वर सगळे म्हणतात, यात तुमच्या जिवाला शांती आहे.

तुम्हांला तेव्हा कुणी दुसरं सांगणारं नव्हतं, हे मला कळतं. लग्नघरातून पळालेली एवढीशी पोर, मागे काकू, समोर सगळं गाव. मी तुम्हांला दोष देत नाही. पण आता मी ऐकणार नाही. तुम्ही ऐकलंत त्याचं काय झालं, ते मी पाहिलेलं आहे. पायरीवर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली बाई पाण्याकडे कशी बघायची, ते मला आज कळलं.

आज सकाळी टँकवर गेले. उद्याचे पाहुणे, पुरणाची डाळ, सगळं सोडून गेले. एकाही माणसाच्या नावानं फेरी मारली नाही. सरळ खोल टोकाला गेले, भिंत धरली आणि मोठ्यानं म्हटलं, “आंगाले हयद, मांगं काकू, पुढं विहीर. अन् मंग पोरीनं उडी मारली!”

मॅडम खुर्चीतून उठल्या. “काय झालं ताई? बऱ्या आहात ना?”

“बरी आहे. एक गोष्ट राहिली होती, ती संपवली.”

कारण मारलीत ना तुम्ही उडी! पन्नासेक वर्षं उशिरा मारलीत, जांभळी टोपी घालून, नाक धरून, पण मारलीत. मामांनी तुम्हांला काठावरून परत फिरताना पाहिलं, आणि मी तुम्हांला उतरताना पाहिलं. मी तिथंच होते, शिडी धरून. मामांची गोष्ट इकडच्या भिंतीला संपते. उरलेली माझ्याकडे आहे.

तेव्हा उद्याचं ऐका. उद्या सकाळी मी आधी टँकवर जाणार, मग स्वयंपाकाला लागणार. आत्याबाई हातावर पाणी घालायला येतील तेव्हा मी हात पुढे करणार नाही. सगळ्यांसमोर सांगणार, मी पोहणं सोडलं नव्हतं, एक दिवसही मनातून सोडलं नव्हतं, आणि सोडणार नाही. मामांनी सांगितलं तेही सांगणार आणि मी पाहिलं तेही. त्यांना रागावायचं तर रागावू दे. त्यांच्या पानात मी जिलबी जास्तीची वाढेन. तुमच्या पानात मुगवड्यांची भाजी असेल, आणि कारलं अर्थातच नसेल.

आणि एक वचन देते, ते उद्यापुरतं नाही. तुमची ओवी आज ना उद्या लग्न करेल. तिच्या अंगाला हळद लागेल आणि त्या दिवशी तिला पोहायला जावंसं वाटलं, तर मागच्या दारानं पळायची पाळी तिच्यावर येणार नाही. ती पुढच्या दारानं जाईल. आणि दारात मी उभी असेन, आई, हातात काठी घेऊन. पण माझं तोंड घराकडे असेल.

तुमची, अजून पाण्यातच असलेली,
मनीषा